भरधाव म्हणजे ताशी किती?
(प्रस्तावना)

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यातली अपघाताची फिर्याद वाचायला घ्या. गावं बदलतात, गाड्यांचे नंबर एमएच-११ चे एमएच-१० होतात, एमएच-५० होतात. एक वाक्य मात्र जागचं हलत नाही. चालकाने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवले. ते लिहिणाऱ्या हवालदाराला दोष देण्यात अर्थ नाही. कायद्याची कलमं लागायला ही शब्दरचना सोयीची आहे आणि रात्री दोन वाजता, जखमी उपजिल्हा रुग्णालयात पोचवून आलेल्या माणसाकडून आपण निबंधाची अपेक्षा करत नाही. पण हेच वाक्य पुढे तीन-चार वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर पुरावा म्हणून उभं राहतं, आणि तिथे कोणीतरी विचारायला हवं की भरधाव म्हणजे ताशी किती?

हे पुस्तक त्या प्रश्नाभोवती लिहिलेलं आहे. रस्त्यावरच्या खुणा, गाड्यांचे चेपलेले पत्रे, गाड्या शेवटी जिथे थांबल्या ती जागा, एवढ्या ऐवजावरून भौतिकशास्त्राच्या नियमांनी अपघात संगणकावर पुन्हा घडवायचा आणि कोणाची चूक किती, याच्या जवळ जायचं. 'जवळ जायचं' हे मी जाणूनबुजून लिहितो आहे. 'चूक शोधून देणारं यंत्र' म्हणून ज्यांनी पुस्तक उघडलं असेल त्यांची पहिल्याच पानावर निराशा झालेली बरी.

आधी पैशाचं बोलू, कारण सामान्य माणसाचा या विषयाशी संबंध क्लेमच्या केसमधूनच येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली कोणाचाही दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. घरातला कमावता माणूस गेला असेल तर एवढ्याने काही भागत नाही. जास्त हवं असेल तर कलम १६६ खाली जावं लागतं, आणि तिथे समोरच्याची निष्काळजी दाखवावी लागते. विमा कंपनीचे वकील लगेच म्हणतात की मयताचीही चूक होती. न्यायाधिकरणाला हे पटलं आणि त्याने मयताची चूक ४० टक्के धरली, तर ५० लाखांचा क्लेम ३० लाखांवर येतो. त्या २० लाखांचा फैसला बहुतेक वेळा कशावर होतो? हाताने काढलेल्या एका कच्च्या नकाशावर, आणि अपघात झाल्यावर आवाज ऐकून धावत आलेल्या साक्षीदारावर. तो प्रत्यक्षदर्शी म्हणून उभा असतो. प्रत्यक्षात त्याने पाहिलेला असतो तो धडकेनंतरचा रस्ता. त्यातून आपल्याकडे मोठ्या गाडीवाल्याचीच चूक असं लोकमत तयारच असतं, त्याची भर.

गणिताचा पहिला धडा टायरच्या व्रणापासून सुरू होतो. चाकं अडकून गाडी घसरत गेली की डांबरावर काळे पट्टे उमटतात. पट्ट्याची लांबी आणि रस्त्याचं घर्षण माहीत असेल तर गाडीचा वेग शाळेतल्या सूत्राने निघतो: घर्षणांक, गुरुत्वाचं त्वरण आणि अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट करायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. समजा व्रण २५ मीटर आहे आणि गाडी त्याच्या शेवटी थांबली आहे. कोरड्या डांबराचा घर्षणांक ०.७ धरला तर वेग येतो ताशी ६७ किलोमीटर. आता तोच रस्ता उसाच्या हंगामातला घ्या. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती आणून टाकलेली, वर पाचट सांडलेलं, पहाटेचं दव पडलेलं. घर्षणांक ०.४ वर आला तर तोच २५ मीटरचा व्रण ५० चा वेग सांगतो. एका उत्तरात माणूस मर्यादेबाहेर गेलेला आहे, दुसऱ्यात मर्यादेत आहे, आणि टेपने मोजलेली लांबी दोन्हीकडे तंतोतंत सारखी. पंचनाम्यात 'रस्ता डांबरी, सरळ' एवढंच लिहिलेलं असेल, तर पुढचा कितीही हुशार संगणक या दोहोंतलं एक निवडू शकणार नाही.

संगणकाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या प्रकरणांत तो सविस्तर आहे. अमेरिकेत बफेलो इथल्या कॅलस्पॅन संस्थेत रेमंड मॅकहेन्री यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'स्मॅक' नावाची आज्ञावली तयार केली; चेपलेल्या पत्र्यावरून वेग काढणारी 'क्रॅश' तिच्यामागून आली. युरोपात ऑस्ट्रियातल्या हेरमान श्टेफान यांच्या 'पीसी-क्रॅश'ने हे काम वैयक्तिक संगणकावर आणलं. नावं वेगळी असली तरी आतलं काम सारखंच. सेकंदाचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात चारही टायरांवर किती भार आला, कोणता टायर घसरतो आहे, गाडी कुठे कलते आहे हे काढायचं, धडकेच्या क्षणी दोन्ही गाड्यांचा संवेग सांभाळायचा, आणि पुढच्या तुकड्याकडे जायचं. शेवटी संगणकातल्या गाड्या जिथे थांबतात ती जागा पंचनाम्यातल्या जागेशी ताडून पाहायची. जुळली नाही तर सुरुवातीचा वेग, कोन, ब्रेकची वेळ बदलून पुन्हा.

यातली मेख अशी की जुळणारं उत्तर एकच नसतं. ताशी ६२ आणि थोडा उशिरा ब्रेक, किंवा ७१ आणि थोडा लवकर ब्रेक, दोन्ही गाड्यांना त्याच ठिकाणी आणून ठेवतात. म्हणून प्रामाणिक अहवाल एक आकडा देत नाही, पट्टा देतो. ज्या अहवालात 'धडकेवेळी वेग ताशी ६८.४ किलोमीटर' असं दशांशासकट लिहिलेलं दिसेल तो वकिलांनी जास्त बारकाईने तपासावा, असा माझा सल्ला आहे. उलट बाजूही तितकीच खरी. पट्टा रुंद असला तरी त्याच्या बाहेरचं सगळं खोटं ठरतं. मोटारसायकल ९० च्या वर होती असं शपथेवर सांगणारा साक्षीदार, आणि कुठल्याही मान्य घर्षणांकाने ६० च्या वर न जाणारं गणित, यांत कोणाचं ऐकायचं हे ठरवायला न्यायाधीशांना भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. खोट्या कहाण्या बाद करण्याच्या कामी ही विद्या जेवढी येते, तेवढी खरी कहाणी शोधून देण्याच्या कामी येत नाही.

तिचा दुसरा उपयोग मला त्याहून मोलाचा वाटतो, आणि तो दाखवायला आपल्या भागातला अगदी नेहमीचा अपघात घेतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटली की कराड-रेठरे, इस्लामपूर-साखराळे, तासगाव-सांगली अशा सगळ्या रस्त्यांवर उसाच्या डबल ट्रॉल्या सुरू होतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर लोंबतो, त्यामागे दिवा असला तरी झाकला जातो, रिफ्लेक्टरवर चिखल. रात्री साडेआठला एक ट्रॉली टायर फुटून रस्त्यातच उभी राहते. मागून मोटारसायकल येऊन आदळते. फिर्यादीत कोणा एकाची 'हयगय' लिहिली जाते. कोणाची, ते बऱ्याचदा फिर्याद द्यायला कोण जिवंत आहे यावर ठरतं.

आता गणित मांडू. मोटारसायकलच्या डिपर लाइटमध्ये मातकट रंगाची अंधारी वस्तू साधारण ४० मीटरवरून ओळखू येते असं धरू. माणसाला दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद. ब्रेकचा घर्षणांक ०.६. ताशी ५० ने येणारा माणूस ३७ मीटरमध्ये थांबतो. ट्रॉलीपासून तीन मीटरवर त्याची छाती धडधडत असेल, पण तो घरी जाईल. ६० ने येणारा थांबत नाही. ब्रेक लागेपर्यंतच त्याचे २५ मीटर गेलेले असतात, उरलेल्या १५ मीटरमध्ये वेग उतरतो आणि तो ताशी ३६ ने उसावर आदळतो. ७० ने येणारा ५७ ने. पहिल्या आणि तिसऱ्या माणसाच्या मूळ वेगात फरक २० चा, पण एकाची धडक शून्य आणि दुसऱ्याची जीवघेणी. हे बऱ्याच शिकल्यासवरल्या माणसांनाही पटत नाही. ब्रेक लागल्यावर थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं हे पाठ असतं, अंगवळणी पडलेलं नसतं.

मग दुसरा प्रयोग करायचा. मोटारसायकल तीच, वेग तोच ७०, फक्त ट्रॉलीच्या मागे स्वच्छ रिफ्लेक्टर लावायचा, जो १०० मीटरवरून चमकतो. ७० वाला आरामात थांबतो. ताशी ९५ ने येणारासुद्धा थांबतो. म्हणजे 'मोटारसायकल ५० ने असती तर' आणि 'रिफ्लेक्टर असता तर' या दोन्ही 'तर'नी अपघात टळतो. सिम्युलेशनचं खरं काम हे 'तर' मोजून दाखवणं आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर ते कोणालाच करून पाहता येत नाही. एक 'तर' बदलून अपघात टळत नसेल तर त्या बाबीला दोष देण्यात हशील नाही. मोटारसायकलस्वाराकडे लायसन्स नव्हतं, पण लायसन्स असतं तरी ४० मीटरमध्ये ६० चा वेग थांबला नसता. मग लायसन्सचा दंड वेगळा आणि अपघाताचं कारण वेगळं.

अर्थात वरचं गणित मी सोपं करून मांडलं. ट्रॉली पूर्ण थांबलेली होती की ताशी दहाने सरकत होती, समोरून येणाऱ्याचा लाइट डोळ्यांवर होता का, ऊस किती फूट बाहेर होता, याने आकडे हलतात. आणि ४० टक्के की ६० टक्के, हे गणित कधीच सांगत नाही. ती वाटणी कायद्याची आहे. इथे एक गोष्ट मात्र वाचकांनी पक्की लक्षात ठेवावी: मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाच्या वाट्याला ही कपात येत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही वाहनं मिळून दोषी, आणि पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या खेनेई खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. मागे बसलेल्या बायकोच्या क्लेममधून नवऱ्याच्या चुकीचे पैसे कापायला निघालेल्यांना हे ठणकावून सांगावं लागतं.

ट्रॉलीच्या अपघातात दोन चालक तरी असतात. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना लागणाऱ्या 'एस' वळणावर बहुतेकदा एकच असतो, आणि म्हणून दोष त्याच्या नावावर चटकन चढतो. १० एप्रिल २०१८ च्या पहाटे विजापूर जिल्ह्यातून शिरवळकडे कामाला निघालेल्या मजुरांचा टेम्पो तिथे उलटला आणि १८ जण गेले. त्या पहाटे नेमकं काय झालं याचा निवाडा मी इथे करणार नाही. पण वळणाचं भौतिकशास्त्र सगळ्यांनी समजून घेण्यासारखं आहे. समजा वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. मोटार तिथे ताशी ६७ च्या आसपास घसरू लागेल. भरलेला ट्रक घसरायची वाटच पाहत नाही, तो त्याआधी उलटतो. त्याचा गुरुत्वमध्य उंच आणि चाकांमधलं अंतर त्या मानाने कमी, म्हणून त्याची हद्द ५० च्या आसपास येते. हौद्यात माणसं उभी असतील, सामान वरपर्यंत रचलेलं असेल, तर ४४. शिवाय 'एस' वळणात एक खास खोडी आहे. पहिल्या वळणात गाडी एका अंगाला कलते, स्प्रिंगा दबतात. दुसरं वळण लगेच उलट्या दिशेला लागल्यावर त्या स्प्रिंगा गाडीला नेमक्या चुकीच्या बाजूला ढकलतात. सपाट कागदावर वर काढलेली हद्द प्रत्यक्षात आणखी खाली येते. बोगद्यातून उतारावर सुटलेल्या, वळण न पाहिलेल्या परमुलखातल्या चालकाला हे आतून जाणवायला वेळच नसतो. मोटारीतून जाणारा त्याच वळणावर गाणं ऐकत निघून जातो आणि घरी जाऊन म्हणतो, वळणात काय आहे, ड्रायव्हरच बेवडे असतात.

म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा गाड्या उलटत असतील तर 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष' कोणी केलं, हा प्रश्न फिरवून विचारता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याच्या रचनेत, बांधकामात वा देखभालीत ठरलेले निकष न पाळणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. अठरा माणसांपुढे एक लाख हा आकडा कसा वाटतो ते वाचकांनीच ठरवावं. पण निदान दार उघडलं आहे, आणि त्या दारातून आत न्यायची कागदपत्रं म्हणजे अशीच गणितं. खंबाटकीत हे वळण टाळणाऱ्या नव्या सहापदरी जुळ्या बोगद्याचं काम हाती घ्यावं लागलं, यातच रस्त्याने आपला वाटा कबूल केल्यासारखं आहे.

कोणी म्हणेल, आता गाड्याच सगळं लिहून ठेवतात, मग ही टेपपट्टी कशाला? उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार अपघातात गेले. गाडी बनवणाऱ्या कंपनीने तिच्यातल्या नोंदी वाचून पोलिसांना कळवलं की शेवटच्या काही सेकंदांत वेग १०० होता, ब्रेक लागला आणि धडक ८९ ला झाली, असं तेव्हा वृत्तपत्रांत आलं. मागच्या सीटवरचे पट्टे आणि पुलाच्या कठड्याची रचना यांचीही चर्चा झाली. एकाच अपघातात दोष किती ठिकाणी वाटलेला असतो याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नाही. मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघात प्रकरणातही पोलिसांनी अपघात संगणकावर पुन्हा उभा करण्याची भाषा केली. पण हे महागड्या गाड्यांचं झालं. आपल्या रस्त्यावर मरतो तो मोटारसायकलवाला, चालत जाणारा, वडापमधला. त्याच्या वाहनात पेट्रोलचा काटासुद्धा धड चालत नाही. आनेवाडी आणि तासवडे टोलनाक्यांवरच्या फास्टॅगच्या वेळांवरून सरासरी वेग निघेल, शेवटच्या पाच सेकंदांचा निघणार नाही. ढाब्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण हाती आलं तर उत्तम, पण तेही जपून. १२ मीटर अंतरावरच्या दोन खांबांमधून गाडी १५ चौकटींत गेली आणि कॅमेरा सेकंदाला २५ चौकटी टिपतो, तर वेग ७२. एक चौकट इकडची तिकडे झाली की तो ६७ किंवा ७७. आणि यंत्र प्रत्यक्षात सेकंदाला १२ च चौकटी साठवत असेल तर वेग निम्म्यावर येतो. दुकानदाराला विचारल्याशिवाय हे कळत नाही, आणि आठवडा-दोन आठवड्यांत चित्रण पुसलं जातं.

न्यायालयात सिम्युलेशन येतं ते तज्ज्ञाचं मत म्हणून, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली, आणि मत हे मतच असतं. क्लेमच्या कामात खुनाच्या खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. कोणती बाजू अधिक संभवनीय एवढं पुरतं, हे बिमला देवी खटल्यात २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. गणिताचा पट्टा या कसोटीला छान बसतो. धोका आहे तो रंगीत चलचित्राचा. झाडं, सावल्या, चकाकणारा बॉनेट यांच्यासकट ट्रकने स्कूटरला उडवलेलं पडद्यावर दिसलं की बघणारा ते घडलेलंच समजतो. त्यातल्या झाडांचा आणि सावल्यांचा गणिताशी काडीचा संबंध नसतो. माझं तर मत आहे की आकड्यांचा तक्ता, गृहीतकांची यादी आणि आकडे हलवल्यावर उत्तर किती हलतं याचा आलेख दिल्याशिवाय चलचित्र दाखवायला परवानगीच असू नये. विमा कंपनीला असं चित्र बनवून घेणं परवडतं. पतीच्या पश्चात दोन पोरं घेऊन क्लेम लावणाऱ्या बाईला परवडत नाही, आणि ती लोकअदालतीत मिळेल त्यावर सही करून मोकळी होते.

हा असमतोल कमी करायचा तर महागड्या आज्ञावलीच्या आधी स्वस्त गोष्टी हव्यात. २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. आयआयटी मद्रास आणि एनआयसीने उभारलेल्या नोंदप्रणालीत मोबाइलवरून जागेचे फोटो भरता येतात, आणि महाराष्ट्र तिच्या पहिल्या सहा राज्यांत होता. फोटोत जवळ एक टेप आडवी टाका. मोजमाप 'झाडापासून अंदाजे २० पावले' असं न घेता किलोमीटरच्या दगडापासून किंवा विजेच्या नंबर असलेल्या खांबापासून घ्या, कारण झाड रुंदीकरणात जातं. व्रण कुठे सुरू होतो, कुठे वाकतो आणि कुठे संपतो हे तिन्ही बिंदू लिहा. वाकतो तीच बहुधा धडकेची जागा असते. क्रेनवाल्याने गाडी ओढण्याआधी काचांचा आणि मातीचा सडा कुठे पडला ते टिपा. मडगार्डखाली वाळलेला चिखल धडकेच्या क्षणी खाली गळतो आणि फारसा इकडेतिकडे जात नाही.

रस्त्यांचे घर्षणांक कोण मोजणार, हा प्रश्न राहतो. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं. दोन्हींच्या दारावरून उसाच्या ट्रॉल्या जातात. जुना टायर कापून त्यात वजन भरायचं, तो ताणकाट्याने रस्त्यावरून ओढायचा आणि काटा वाचायचा, एवढ्यावर अंतिम वर्षाच्या मुलांचा प्रकल्प होतो. पेठ-सांगली रस्ता, पसरणी घाट, खंबाटकीचा उतार ही तीन ठिकाणं, आणि उन्हाळा, पहिला पाऊस आणि गाळपाचा हंगाम हे तीन काळ घेतले, तर नऊ आकडे होतात. ते जिल्हा न्यायालयाच्या बार रूममध्ये भिंतीवर लावले तरी पुढच्या वर्षीच्या क्लेममध्ये दोन्ही बाजूंच्या वकिलांना ०.७ की ०.४ यावर भांडायला निदान एक कागद मिळेल.